सातपुड्यातला साग ऑक्टोबरातच तांबूस पडला तर: उपग्रहचित्रांवरून रोग-कीड हेरायची रीत

ऑक्टोबरात यावल-रावेरच्या पायथ्याहून सातपुड्याकडे पाहिलं, तर कधीकधी हिरव्या डोंगरात एखादाच उतार तांबूस पडलेला दिसतो. पाऊस लवकर गेला, असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो अळी पडली. तिसऱ्याला खात्री असते की कुणीतरी झाडं गर्डल करून, म्हणजे खोडाची साल गोल सोलून, वाळवली आहेत. खरं काय ते झाडाखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पण कुठल्या झाडाखाली आणि कुठल्या आठवड्यात उभं राहायचं, हे मात्र फुकट मिळणाऱ्या उपग्रहचित्रांवरून काढता येतं. यावल अभयारण्यच सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. त्यात अक्राणी, तोरणमाळ, शिरपूरचा उत्तर भाग आणि साक्रीचा डोंगराळ पट्टा धरला, तर सगळं पायी तपासणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही.

हा लेख वनरक्षक, सामूहिक वनहक्क समितीतली तरुण मंडळी आणि भूगोल-वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडून एखादा नकाशा पाहिलेला असला की पुरे.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं

उपग्रहाला बुरशी दिसत नाही, अळीही दिसत नाही. त्याला दिसतो पानावरून परतलेला उजेड. निरोगी पान लाल उजेड शोषतं आणि जवळचा अवरक्त उजेड भरपूर परत पाठवतं. हरितद्रव्य कमी झालं की लाल परावर्तन वाढतं, पानाची आतली रचना मोडली की अवरक्त घटतं आणि पान सुकलं की लघुतरंग अवरक्त पट्ट्यातलं परावर्तन चढतं. पान कशामुळेही बिघडो, उजेडातला बदल साधारण असाच असतो. त्यामुळे चित्रात घट सापडणं ही सुरुवात झाली. खरं काम पुढचं: दुष्काळ, वणवा, तोड, चाऱ्यासाठीची छाटणी आणि नैसर्गिक पानगळ एकेक करून वगळायची आणि जे उरेल तिथे चालत जायचं.

काय दिसणार नाही, तेही आधीच लक्षात ठेवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा बारीकातला बारीक पिक्सेल १० मीटरचा असतो आणि आपल्याला लागणारे रेड-एज (लाल आणि अवरक्त यांच्या मधला) व लघुतरंग पट्टे २० मीटरचे. सागाचं एकटं झाड त्यात हरवून जातं. गट असेल तरच दिसेल. म्हणून बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या शेंडेमर रोगासाठी उपग्रहाच्या नादी लागू नका. त्या रोगात फांद्यांचे शेंडे तपकिरी होऊन वाळतात. हा प्रकार मोटारसायकलवरून फोनने टिपलेल्या फोटोंतून जास्त चांगला नोंदता येतो.

कॅलेंडर आधी, संगणक नंतर

नवखे लोक बहुतेक इथेच घसरतात. मार्चचं चित्र घेतात, अर्धा सातपुडा लाल रंगवतात आणि जंगल आजारी असल्याचं जाहीर करतात. आपलं जंगल शुष्क पानगळीचं आहे. साग नोव्हेंबर-डिसेंबरपासून पानं टाकायला लागतो आणि उन्हाळ्यात उघडाबोडका होतो. सालई, धावडा, टेंभुर्णी यांचंही थोडंफार तसंच. त्या काळात पानांच्या रोगाचं काहीच कळत नाही.

उलट जून ते सप्टेंबर पानं भरपूर असतात, पण ढग पाठ सोडत नाहीत. सागाची पानं खाऊन फक्त जाड शिरा ठेवणारी अळी नेमकी पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या पालवीवर येते, म्हणजे जून-जुलैत. ती उपग्रहाला बहुधा सापडत नाही. सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह ढगांतून पाहतो खरा, पण सातपुड्याच्या उभ्या चढ-उतारांवर रडारचं चित्र इतकं विकृत होतं की त्यावरून पानं किती गेली हे सांगायचं धाडस मी करणार नाही. त्या दोन महिन्यांत डोळे आणि पायच कामी येतात.

आपल्या हाती लागते ती सागाच्या पानांची जाळी करणारी अळी. ती पानाचा शिरांमधला मऊ भाग खाते आणि शिरांचं जाळं तसंच राहतं, झाड लांबून भाजल्यासारखं दिसतं. तिचा जोर ऑगस्टपासून वाढत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परिणाम उघड दिसतो. पाऊस परतत असतो, आभाळ मोकळं होत असतं आणि निरोगी साग अजून हिरवा असतो. म्हणून दोन खिडक्या ठरवून टाका: ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दोन्हींत घट दिसली तर लक्ष द्यायचं. एकीतच दिसली तर बहुतेक वेळा ढगाची सावली असते.

साहित्य

गूगल अर्थ इंजिन हे बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. ते झेपत नसेल तर कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून चित्रं उतरवून क्यूजीआयएसमध्ये काम करता येतं, फक्त डिस्कवर जागा हवी. खान्देश सगळा यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात येतो, तेव्हा प्रक्षेपणाचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३ ठेवा. म्हणजे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये सरळ मिळतं. उंचीसाठी कोपर्निकसचं ३० मीटरचं उंची-मॉडेल, पावसासाठी चर्प्सची १९८१ पासूनची मालिका (तिचा चौकोन ५ किलोमीटरचा असतो, तालुक्याचा अंदाज येतो, नाल्याचा नाही) आणि वणव्यांसाठी नासाच्या फर्म्सवरचे अग्निबिंदू घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वणवा-सूचनाही चालतील.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र संकेतस्थळावर नसते, ती वन कार्यालयात असते: कक्षांच्या (वन खात्याने क्रमांक दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या) सीमा, कार्य आयोजनेतला झाडोऱ्याचा नकाशा आणि रोपवनांची नोंदवही. कुठल्या कक्षात शुद्ध साग आहे, कुठे मिश्र, कुठे अंजन, रोपवन कोणत्या साली झालं हे कळलं की निम्मं काम झालं. मेवासी, नंदुरबार, धुळे, यावल, जळगाव, ज्या वनविभागाचं क्षेत्र असेल तिथे रीतसर अर्ज करा. पुढे जंगलात शिरायलाही परवानगी लागणारच आहे.

चित्रं स्वच्छ करणं

पृष्ठभाग-परावर्तनाची, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली एल-टू-ए पातळीची चित्रं वापरा. प्रत्येक चित्रासोबत दृश्य-वर्गीकरणाचा एक थर येतो. त्यातले ३, ८, ९ आणि १० हे वर्ग म्हणजे ढगाची सावली, मध्यम शक्यतेचे ढग, जास्त शक्यतेचे ढग आणि विरळ सायरस. हे चारही वगळा. एवढ्यानंतरही सावल्यांच्या कडा उरतात, तेव्हा मुखवटा, म्हणजे वगळलेला भाग, चारेक पिक्सेल फुगवून घ्या.

एक खाच इथे आहे. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्थेने प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि त्यानंतरच्या आकड्यांत १००० ची भर पडलेली असते. जुनी आणि नवी चित्रं तशीच शेजारी ठेवली तर दोघांमधला फरक रोगाचा नसून या हजाराचा असतो. अर्थ इंजिनमध्ये नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संग्रह घेतला की हिशेब आपोआप जुळतो. स्वतः उतरवलेल्या नव्या चित्रांतून १००० वजा करायला विसरू नका.

मग प्रत्येक खिडकीतल्या उरलेल्या चित्रांचा पिक्सेलवार मध्यक (मूल्यं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) काढा. सरासरी नको, एखादा चुकून राहिलेला ढग सरासरी खराब करतो.

पायथ्याच्या कडेला आणखी एक मुखवटा लागतो. रावेर-यावलची केळी जंगलाला टेकलेली आहे आणि ती बारमाही हिरवी. कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धं जंगल, अर्धी केळी असली की केळीची कापणी जंगलाचा रोग म्हणून नोंदली जाते. जंगलाची सीमा आतल्या बाजूला ३० मीटर सरकवा.

तीन निर्देशांक

एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो: अवरक्त उणे लाल, भागिले दोन्हींची बेरीज. सेंटिनेलमध्ये पट्टा ८ आणि पट्टा ४. दाट झाडोऱ्यात तो लवकर वरच्या टोकाला टेकतो आणि सुरुवातीचा बिघाड लपवतो. म्हणून सोबत एनडीआरई घ्या. त्यात लालच्या जागी रेड-एजचा पट्टा ५ येतो आणि अवरक्तासाठी ८-ए. तिसरा एनडीएमआय, पानातल्या पाण्याचा, पट्टा ८-ए आणि ११ यांचा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. निरोगी सागाच्या पिक्सेलमध्ये पट्टा ८ चं परावर्तन ०.३२ आणि पट्टा ४ चं ०.०४ असेल, तर एनडीव्हीआय ०.२८ भागिले ०.३६, म्हणजे ०.७८. पानांची जाळी झाल्यावर ८ उतरून ०.२४ आणि ४ चढून ०.०८ झाला, तर तो ०.५० होतो. त्याच जागी ८-ए ०.३३ वरून ०.२५ वर आणि ११ ०.१८ वरून ०.२५ वर गेला, तर एनडीएमआय ०.२९ वरून थेट शून्यावर येतो. अळीने पान वाळवलं की पाण्याचा निर्देशांक असा जास्त जोरात पडतो. तिघांपैकी एकच ठेवायला कुणी सांगितलं तर सागासाठी मी एनडीएमआय ठेवीन.

यंदाची तुलना कशाशी

बहुतेक ठिकाणी ‘गेल्या वर्षीपेक्षा कमी’ एवढंच काढलं जातं. खान्देशात ते चालत नाही, कारण इथलं एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं. २०१८ दुष्काळाचं गेलं. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी सगळाच साग लवकर पिवळा पडतो, त्यात रोग कसा ओळखायचा?

उत्तर दोन वजाबाक्यांत आहे. पहिली: प्रत्येक पिक्सेलचं यंदाचं मूल्य उणे त्याच पिक्सेलचा त्याच खिडकीतला मागच्या वर्षांचा मध्यक. आपल्या भागासाठी एल-टू-ए चित्रांची मालिका २०१९ पासून धरा. त्याआधीचं पाहायचंच असेल तर लँडसॅट आहे, ३० मीटरचा, पण १९८४ पासूनचा. दुसरी वजाबाकी भावकीशी: त्याच परिक्षेत्रातल्या, त्याच झाडोऱ्याच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारांवरच्या सगळ्या पिक्सेलांची घट काढा, तिचा मध्यक घ्या आणि तो प्रत्येकाच्या घटीतून वजा करा. दुष्काळाने सगळी भावकी सारखीच खाली गेलेली असते, ती घट इथे कटते. उरते ती एखाद्या जागेची स्वतःची जास्तीची घट.

उताराची दिशा का, तर सातपुड्याच्या रांगा पूर्व-पश्चिम धावतात. दक्षिण उतार तापतो आणि लवकर सुकतो, उत्तर उतारावर ओल टिकते. त्यातून सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि वायव्य उतार सावलीत राहतात. उत्तर-दक्षिण उतार एकमेकांशी ताडणं म्हणजे रोग नसून ऊन मोजणं. उंची-मॉडेलवरून चार दिशांचे गट पाडा आणि खोल सावलीतल्या घळी सरळ वगळा.

उंबरठा कुठे ठेवायचा? ‘तळाचे ५ टक्के पिक्सेल’ असा ठेवलात, तर जंगल ठणठणीत असलं तरी ५ टक्के आजारी निघणारच. त्यापेक्षा हीच दुहेरी वजाबाकी मागच्या प्रत्येक वर्षाला लावून बघा. चांगल्या वर्षांत उरलेली घट साधारण किती खाली-वर हलते ते दिसतं, उंबरठा त्या हलण्याच्या पलीकडे ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मालिकेवरून प्रमाण विचलन काढून त्यावर फार विश्वास टाकू नये, एक वाईट वर्ष ते बिघडवतं. मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक जास्त भरवशाचा.

शेवटी अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान तुकडे काढून टाका. २० मीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धा हेक्टर म्हणजे साधारण बारा पिक्सेल.

संशयितांना एकेक करून सोडणं

आता उरलेल्या तुकड्यांवर अग्निबिंदू टाका. फेब्रुवारी ते मे दरम्यान जिथे वणवा गेला, तिथली ऑक्टोबरातली घट आगीची असू शकते, तिला वेगळा रंग द्या. नंतर मागच्या तीन-चार वर्षांचा आलेख पाहा. तोड किंवा नवं अतिक्रमण असेल तर निर्देशांक एकदम पडतो, पुढच्या पावसातही वर येत नाही किंवा पिकासारखा उड्या मारतो. अळीने खाल्लेला साग मात्र पुढच्या जूनला पुन्हा फुटतो. सहसा तो मरत नाही, त्याची वाढ मार खाते. हा फरक आलेखावर अगदी स्वच्छ दिसतो.

अंजनाचं वेगळं. शेळ्या-गुरांसाठी त्याच्या फांद्या सर्रास छाटल्या जातात, म्हणून पाडा किंवा गुरवाटेजवळचा अंजन वरून विरळ दिसला की आधी कोयता आठवावा. मानवेल बांबू एकगठ्ठा फुलला की त्या पट्ट्यातली बेटं वाळतात, तेही लांबून साथीसारखं दिसतं. याची माहिती तिथल्या पावरा किंवा तडवी म्हाताऱ्यांना आपल्या आधी असते. फोन करून विचारलं तर एक फेरी वाचते.

तुकडे गोळा झालेत की विखुरलेत

ही पायरी लोक कंटाळून टाळतात, पण रोगाची चाल इथेच कळते. जंगलावर १०० मीटरच्या चौकोनांची जाळी टाका आणि प्रत्येक चौकोनात किती टक्के साग बाधित आहे ते भरा. ही फाइल जिओडा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शेजाराची व्याख्या आठही बाजूंची ठेवा आणि स्थानिक मोरान निर्देशांक (चौकोन शेजाऱ्यांसारखा आहे की वेगळा, हे मोजणारा) चालवा. ९९९ वेळा फेरफार (चौकोनांतल्या मूल्यांची यादृच्छिक अदलाबदल) आणि ०.०१ ची सार्थकता पातळी पुरे. नकाशावर बाधितांशेजारी बाधित असे लाल पुंजके दिसतील आणि निरोगी शेजाऱ्यांमध्ये एकटाच पडलेला बाधित चौकोनही वेगळा दिसेल. सागाशिवायचे चौकोन शून्य न भरता रिकामे ठेवा, नाहीतर जंगलाची कड आपोआप निरोगी ठरते.

संपूर्ण नकाशाचा एकत्रित मोरान आकडा मोठा आला म्हणून हुरळून जाऊ नका. शेजारशेजारचे पिक्सेल सारखे असतातच. पाहायचं ते हे: लाल पुंजके शुद्ध सागाच्या रोपवनांत जास्त आहेत की मिश्र जंगलात? नाल्याच्या कडेने की पठाराच्या पातळ मातीवर? पातळ मातीवरच सगळे जमले असतील तर दुष्काळ अजून पूर्ण वजा झालेला नाही. माती-उताराला न जुमानता एका वयाच्या रोपवनात गोल पसरलेला पुंजका दिसला, तर अळीचा संशय बळावतो. आणि एकटा पडलेला लाल चौकोन वर्षागणिक कडेने रुंदावत असेल तर मूळकूज मनात आणावी. ती जमिनीखालून, मुळाला मूळ लागून सरकते.

पायी

नकाशा तयार झाल्यावर आठवड्याभरात निघा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला की नैसर्गिक पानगळ सगळा पुरावा मिसळून टाकते. बाधित तुकड्यांत काही बिंदू यादृच्छिक निवडा आणि तेवढेच निरोगी दाखवलेल्या सागातही. दुसरा भाग कुणालाच आवडत नाही, कारण चांगलं दिसणारं जंगल बघायला कोण डोंगर चढणार? पण त्याशिवाय नकाशाने काय काय चुकवलं ते कधीच कळत नाही. झाडोऱ्याखाली फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणून बिंदू तुकड्याच्या कडेला न घेता मधे घ्या आणि ३० गुणिले ३० मीटरचा चौकोन तपासा. नोंदीसाठी क्यूफील्ड हे फोनवरचं ॲप चांगलं, नेटवर्क नसतानाही चालतं. वनरक्षकाला सोबत घ्या. गवत उंच असतं आणि या डोंगरांत अस्वलं आहेत.

पान हातात घेऊन उजेडाकडे धरा. शिरांचं जाळं शाबूत आणि मधला मऊ भाग गेलेला, तर जाळी करणारी अळी. पानाच्या खालच्या बाजूला बोटाला लागणारी नारिंगी-पिवळी भुकटी, तर तांबेरा. पान अखंड आहे, नुसतं कडेने पिवळं होऊन गळतंय आणि शेजारची टेंभुर्णीही तशीच आहे, तर पाण्याचा ताण. फांद्यांवर बांडगूळ असेल तर तेही नोंदवा. त्याची मोजणी मात्र मार्च-एप्रिलला ठेवा: साग निष्पर्ण असतो, बांडगूळ हिरवं राहतं आणि ड्रोनच्या साध्या रंगीत फोटोतही प्रत्येक झुबका मोजता येतो. ड्रोनआधी कुठे उडवता येतं ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहा, आणि अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उडवू नका.

क्षेत्र किती, हे नकाशावरून सांगू नका

समजा, तुमच्या नकाशात २०० हेक्टर बाधित आणि १,८०० हेक्टर निरोगी निघाले. दोन्हींत ३०-३० बिंदू तपासले. बाधितांतले २१ खरोखर बाधित, म्हणजे ७० टक्के. निरोगींतले ३ प्रत्यक्षात बाधित, म्हणजे १० टक्के. आता २०० चे ७० टक्के १४० आणि १,८०० चे १० टक्के १८०. बेरीज ३२० हेक्टर. नकाशा २०० म्हणत होता! मोठ्या निरोगी क्षेत्रातली छोटी चूक इतकी जड पडते. वनक्षेत्रपालांना आकडा द्यायचा तो हा दुरुस्त केलेला, सोबत बिंदूंची संख्या लिहून. नकाशा कक्ष क्रमांकानिशी द्या, कारण खात्याचं काम कक्षावर चालतं, अक्षांश-रेखांशावर नाही. बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, फोनमध्ये उघडता येईल अशी केएमएल फाइलही द्या.

तेच बिंदू पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तपासा. जे फुटून भावकीच्या बरोबरीला आले, ते अळीचे होते असं धरायला हरकत नाही. जे फुटलेच नाहीत, तिथे वन विभागाला सोबत घेऊन बुंध्याजवळची माती उकरून मुळं पाहावी लागतात. बुरशीचा संशय असेल तर नमुना निरोगी आणि सडलेल्या भागाच्या सीमेवरून कापा, पूर्ण सडलेल्या तुकड्यातून काही निघत नाही. तो कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून भलत्याच बुरश्या वाढतात. पाकिटावर तारीख, कक्ष क्रमांक, झाडाचा घेर आणि अक्षांश-रेखांश लिहा. महाराष्ट्राच्या जंगलांसाठी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे. जवळचं हवं असेल तर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राची माणसं भेटतील. नमुना निघाला त्याच दिवशी पाठवा, आणि शेजारच्या निरोगी झाडाच्या मुळाचा एक तुकडाही वेगळ्या पाकिटात सोबत द्या.